अंबाजोगाईजवळच्या विहिरीत शार्कच्या सामानाची तालीम

भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच संभाजीनगरहून निघालो. बीड, मांजरसुंबा, केज करत अंबाजोगाईच्या अलीकडं आमच्या गावात पोचलो तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. सोबत आत्तेभाऊ, म्हणजे दादा. तो ऑस्ट्रेलियात पर्थला नोकरीला आहे आणि तिथं सिलिंडरशिवाय, दम धरून बुडी मारून भाल्यानं मासे मारतो. पुढच्या वर्षी मला त्याच्याकडं जायचंय. म्हणून शार्कपासून बचावाचं त्याचं सामान त्याच्या आजोळच्या विहिरीत एकदा वापरून बघायचं ठरलं. आपल्याकडची बरीच पोरं आता ऑस्ट्रेलियाला जातात आणि विहिरीत पोहायला शिकलेल्याला समुद्र दिसला की राहवत नाही. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी विहिरीचं. दिवाळीत आमच्या विहिरीत सहा परस पाणी असतं, होळीला खडक दिसतो. म्हणजे सराव करायचा तो दिवाळी ते संक्रांत. विहीर रोजच्या उपशातली, पायऱ्यांची बघा. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या विहिरीत विषारी हवा साठलेली असू शकते, तिथं उतरूच नका. आणि मोटार. मोटारीला ऑटो स्विच असतो, लाईट आली की ती आपोआप चालू होते आणि पाण्यात करंट उतरायची भीती असते. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दादाच्या मामांनी, आप्पांनी मेन स्विच पाडला, तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले आणि आम्ही बाहेर येईपर्यंत थारोळ्यावरून हलले नाहीत.

दादाचं मुख्य यंत्र फ्रीडम ७. घोट्याला बांधायचं, मागं दोन मीटरहून जरा लांब शेपटी तरंगते. शार्कच्या नाकाडावर बारीक छिद्रं असतात. त्यांतून त्याला माशाच्या अंगातली अगदी क्षीण वीजसुद्धा कळते. हे यंत्र पाण्यात विजेचे जोरदार ठोके सोडतं आणि ते त्या छिद्रांना सोसत नाहीत. हे तंत्र मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. ते समुद्राच्या पाण्यासाठी आहे, गोड्या पाण्यात वीज नीट वाहत नाही. म्हणून विहिरीत आम्ही ते बंद ठेवूनच बांधलं. बघायची होती ती शेपटी.

आणि ती पहिल्याच बुडीत नडली. तळाचा गाळ मुठीत घेऊन वर वळलो आणि शेपटी कपारीतल्या उंबराच्या मुळीला अडकली. पायाला हिसका बसला, क्षणभर वाटलं कुणीतरी धरलंय. घाबरून पाय झाडला तर ती आणखी आवळली. मग खाली वाकून हातानं सोडवली. दुसऱ्यांदा ती दादाच्याच पायात गुंतली. यंत्र चालू असताना त्याची वीज सोडणारी टोकं अंगाला लागली तर झटका बसतो आणि स्नायू आखडतात. दादानं तो खाल्लाय. म्हणून वळताना शेपटी कुठं आहे हे पायाला सवयीनं कळलं पाहिजे. हृदयाचा त्रास किंवा पेसमेकर असणाऱ्यांनी हे वापरू नये.

याचा भरवसा किती? दक्षिण आफ्रिकेत मॉसेल बे इथं पांढऱ्या शार्कवर फ्रीडम ७ची चाचणी झाली, २०१६ साली ती छापून आली. पहिल्या वेळी शार्क सरासरी १३१ सेंटीमीटरवरून मागं फिरले, पण पुढच्या प्रत्येक वेळी साधारण १२ सेंटीमीटर जवळ आले. यंत्रामुळं शार्क उलट ओढले जातात, या बोलण्याला मात्र त्यात आधार मिळाला नाही. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत याच कंपनीच्या सर्फबोर्डवरच्या यंत्रानं आमिष खाल्लं जाण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आलं. त्याच चाचणीतले चुंबकाचे पट्टे आणि सर्फबोर्डला लावायचं वासाचं मेण यांनी म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणून मनगटाच्या चुंबकी पट्ट्यावर पैसे घालू नका असं मी स्पष्ट सांगेन. पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारनं २०१७ साली मान्य यंत्रांवर २०० डॉलरची सवलत सुरू केली. विकत घेण्याआधी सध्याचे नियम आणि यादी बघून घ्या.

थारोळ्यावर बसलेल्या आप्पांनी हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "पर मारलेला मासा ठेवतो कुठं?" दादा म्हणाला, "मामा, काही जण कमरेलाच लावतात." आप्पा म्हणाले, "आरं, मटनाची पिशवी घेऊन कुत्र्यापुढून चालल्यावानी झालं की ते! कामून ठेवायची जवळ?"

मला सगळ्यात पटलं ते हेच. १९६३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात अ‍ॅल्डिंगाच्या किनाऱ्यावर भाल्याच्या मासेमारीच्या स्पर्धेत रॉडनी फॉक्सला पांढऱ्या शार्कनं धरलं होतं, आणि अशा स्पर्धेत पाण्यात रक्त आणि मासे असतातच. तडफडणाऱ्या माशाची थरथर लांबवर पोचते. म्हणून मासा हाती आला की सुरी डोक्यात घालून त्याला लगेच शांत करायचं आणि लांब दोरीच्या टोकाला तरंगणाऱ्या टबात टाकायचं. विहिरीत आम्ही वीस लिटरचा कॅन दोरीला बांधून हीच ये-जा केली. एक खाली, एक वर. वरच्यानं नजर काढायची नाही. शार्क दिसला तर त्याच्याकडं तोंड ठेवायचं, तो मासा मागत असेल तर सोडून द्यायचा आणि दोघांनी मिळून बोटीकडं सरकायचं.

बुडीआधी भराभर श्वास घेऊ नका. त्यानं दम वाढल्यासारखा वाटतो आणि वर येता येता शुद्ध हरपते. शार्कपेक्षा याचं भय मला जास्त वाटतं.

शेवटी रक्त थांबवायचा पट्टा, टूर्निके. पायरीवर बसून दादानं माझ्या मांडीला आवळला. ओले हात, रबरी सूट. पहिल्या वेळी दीड मिनिट गेलं, सहाव्या वेळी पंचवीस सेकंद. जखमेच्या वर, सुटावरूनच, रक्त थांबेपर्यंत पीळ द्यायचा आणि वेळ लिहून ठेवायची. दादाचा पट्टा आजवर बोटीतल्या बॅगेत असायचा. त्या संध्याकाळी त्यानं तो तरंगत्या टबाच्या कडेला बाहेरून बांधला, एका हातानं ओढून सुटतो का ते चारदा बघितलं, आणि मग आप्पांना फ्यूज बसवायला सांगितलं.