एक सूत खाली: आमच्या बीम गाडीची वाटचाल

इचलकरंजीत आता कुठल्याही यंत्रमागाच्या शेडमध्ये जा, बीम गाडी, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला जड रूळ (बीम) मागापर्यंत न्यायची गाडी, दिसतेच, आणि दहातल्या सहा-सात गाड्यांची मधली दोन चाकं बाकीच्या चार चाकांपेक्षा एक सूत खाली असतात. सूत म्हणजे धागा नव्हे, फॅब्रिकेशनवाल्यांचं सूत, इंचाचा आठवा भाग. हे एक सूत आमच्या गाळ्यात ठरलं. कुणी ठरवलं, कसं ठरवलं हे आज कुणी विचारत नाही, सगळ्यांना वाटतं गाडी अशीच असते. म्हणून हे लिहायला बसलोय.

आमच्या गावात पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी 1904 ला आणला हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण मागावर बीम कसं चढायचं हे कुणी लिहून ठेवलं नाही. आम्ही धंदा सुरू केला तेव्हासुद्धा सायझिंगवरून, म्हणजे धाग्याला खळ लावून बीम भरतात तिथून, हातगाडीनं किंवा टेम्पोनं बीम शेडच्या दारापर्यंत यायचं आणि तिथून आत माणसाच्या खांद्यावर. पुढं एक मागं एक, बीम जड असेल तर मध्ये तिसरा. शहाबादी फरशी, त्यावर तेल सांडलेलं, दोन मागांच्या मधला बोळ अडीच फुटाचा. बीम निसटलं की एकतर पाय जायचा नाहीतर फ्लँज, म्हणजे बिमाच्या टोकाची चकती, आपटून कडेचे धागे दबायचे, मग जॉबरची, म्हणजे माग लावून देणाऱ्या कारागिराची, आख्खी पाळी गाठी मारण्यात.

मी तेव्हा गेट, ग्रील, पत्र्याची शेड असली कामं करायचो. भाड्याचा गाळा, एक वेल्डिंग मशीन, एक ड्रिल. शेजारी लेथवाला होता, आम्ही सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचो, तोच पुढं माझा पार्टनर झाला. एक दिवस एक सायझिंगवाले अण्णा गाळ्यावर आले, त्यांच्या हमालाच्या पायावर आदल्या दिवशी बीम पडलेलं. खुर्चीवर बसले पण नाहीत. म्हणाले, "पोरा, बीम आत न्यायला काहीतरी चाकाचं कर, पैसे मी देतो, नाही जमलं तरी देतो." नाही जमलं तरी देतो असं म्हणणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात पुन्हा भेटलं नाही.

पहिली गाडी चार चाकाची केली, बिडाची आठ इंची चाकं, पंच्याहत्तरचं चॅनल. आवाज इतका की शेजारच्या शेडमधून माणसं बघायला आली, आणि दुसऱ्याच फेरीला फरशी फुटली. त्यात मेन पॅसेजमधून मागच्या बोळात वळताना गाडी अडकायची ती अडकायचीच. बीम लांबीनं ठेवलेलं, वळायला जागा नाही, चौघांनी उचलून फिरवायची मग गाडी कशाला.

मिस्त्रीनं गाळ्याच्या फरशीवर खडूनं त्या शेडचा बोळ जसाच्या तसा आखला. आम्ही आठवडाभर रात्री जेवण झाल्यावर त्या खडूच्या रेघांमध्ये गाडी ढकलायचो. मध्ये दोन फिक्स चाकं आणि चार कोपऱ्याला फिरती चाकं, इथपर्यंत आम्ही दोन दिवसात आलो. पण सहा चाकं एका पातळीत ठेवली की फरशी जराशी खाली-वर असली तरी मधलं चाक लोंबकळायचं, आणि मधल्यावर वजन नाही तर गाडी जाग्यावर फिरणार कशी. मग मिस्त्रीनं मधल्या ॲक्सलखाली पॅकिंग घालायला सुरुवात केली. अण्णांकडून एक भरलेलं बीम आणलं होतं, दर वेळी तेच चढवायचं. एक सूत पट्टी, ढकलून बघ. दोन सूत, ढकलून बघ. चार सुताला, म्हणजे अर्ध्या इंचाला, गाडी झोपाळ्यासारखी पुढं-मागं डुलायला लागली आणि बीम वर हलायला लागलं, मी हात लावून धरलं म्हणून पडलं नाही. दोन सुताला डुलणं कमी पण रिकामी गाडी आणताना कटकट वाजायची. एक सुताला मिस्त्रीनं एका हातानं भरलेली गाडी जाग्यावर गोल फिरवली. एका हातानं, दुसऱ्या हातात बिडी. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

उचलायला दोन बाजूला दोन स्क्रू, चौकोनी आट्याचे, मिस्त्रीनं स्वतः लेथवर काढलेले, आणि दोन्ही एकदम वर जावेत म्हणून खालून सायकलची चेन जोडलेली. हायड्रोलिक का नाही असं सगळे विचारतात. चौकोनी आटा तुम्ही हँडल सोडलं की जिथं आहे तिथंच राहतो, सील थोडं जरी गळायला लागलं की हायड्रोलिक गाडीवरचं बीम हळूहळू खाली बसतं आणि नेमकं तेव्हाच जॉबर बीम मागाच्या ब्रॅकेटवर जुळवत असतो. आता मोठ्या बिमांना आम्हीपण हायड्रोलिक देतो, पण दातेरी पट्टी आणि खिटी लावूनच देतो. बिनखिटीची हायड्रोलिक गाडी कुणी कितीही स्वस्तात दिली तरी घेऊ नका.

हमालांनी सुरुवातीला गाडीला हात लावला नाही. त्यांना बिमामागं पैसे मिळायचे, गाडी आली म्हणजे आपलं काम गेलं असं वाटलं, त्यात त्यांचं चूक काय. पुढं कधीतरी वाचलं की अमेरिकेत 1937 ला सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं बाजाराची ढकलगाडी काढली तेव्हा गिऱ्हाईक ती घेईना, मग त्यानं पगारी माणसं ठेवली, गाडी ढकलत दुकानात फिरायला. अण्णांनी वेगळं केलं. दर तोच ठेवला, गाडीनं न्या नाहीतर खांद्यावर न्या, बिमाचा दर तोच. पंधरा दिवसात गाडीसाठी भांडणं लागली.

दोन महिन्यात गाडी परत आली, चाकं जाम. बेरिंग उघडलं तर आत सुताची कांडी तयार झालेली. शेडमध्ये उडणारी रुई आणि तुटके धागे ॲक्सलला गुंडाळत गुंडाळत बेरिंगच्या सीलपर्यंत जातात, सील ढकलतात, ग्रीस शोषून घेतात आणि 6204 चं बेरिंग कोरडं पडून ओरडायला लागतं. हॅकसॉच्या पात्यानं आम्ही ती कांडी कापली, दगडासारखी घट्ट. मिस्त्रीनं मग पाईपचा तुकडा लेथवर धरून टोपी काढली, चाकाच्या बाजूवर बसणारी, ॲक्सलपासून जेमतेम एक मिलीमीटर फट ठेवून. त्या फटीत धागा शिरत नाही, बाहेरच गुंडाळतो, ब्लेडनं कापला की झालं. ही टोपी आमची आहे. एक सूत आणि ही टोपी, दोन्ही.

चाकाचं सांगायलाच पाहिजे कारण लोक गाडी बघतात आणि चाक बघत नाहीत. रबराचं चाक भरलेल्या बिमाखाली रात्रभर उभं राहिलं की चपटं होतं, फरशीवर काळे पट्टे वेगळेच. नायलॉन टिकतं पण तेलावर घसरतं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, चांगलं, पण पीयूच्या दोन जाती असतात आणि शेडमध्ये पाण्याचा फवारा मारून हवा दमट ठेवलेली असते. दमट हवेत त्यातली एक जात दोन-तीन वर्षात मऊ पडून तुकडे तुकडे सुटते. दुसरी जात पॉलिईथर, तीच आहे का विचारा. दुकानदार तोंडाकडं बघत बसला तर दुसऱ्या दुकानात जा.

आता आमची गाडी दुसऱ्यानं उचलली ती गोष्ट. 1999 ला केंद्राची टफ स्कीम आली, नव्या मशिनींच्या कर्जाच्या व्याजात सवलत देणारी, आमच्याकडं हळूहळू ऑटोलूम, म्हणजे स्वयंचलित माग, यायला लागले, जुन्या विलायती मशिनी, बिमाचा फ्लँज मोठा, वजन दुपटी-तिपटीनं. आम्ही गाडी नवीन केली, ॲक्सल जाड, 6205 बेरिंग, स्क्रूला सायकलची चेन काढून मोटरसायकलची. एका मोठ्या शेडची चाळीस गाड्यांची ऑर्डर आली. चाळीस! लेखी काही नाही, शब्दावर. मी व्यापाऱ्याकडून लोखंड उधारीवर उचललं, बावीस फ्रेम उभ्या केल्या. आणि निरोप आला की गाड्या दुसरीकडून घेतल्या. दुसरा कोण, तर ज्याच्याकडं आम्ही चॅनल कापायला टाकायचो तोच. आमचीच मापं, आमचाच निळा रंग, टोपीसुद्धा. आमची गाडी साडेअकरा हजाराला, त्याची आठ हजार दोनशेला.

बावीस फ्रेम गाळ्याबाहेर पावसात गंजत होत्या. येणारा-जाणारा बघायचा. लोखंडवाल्याचा फोन सकाळी नऊला, मग अकराला, मग माणूसच येऊन बसायला लागला. घरच्या पाटल्या गहाण टाकल्या, त्या सोडवायला मला चार वर्षं लागली. मिस्त्रीनं पाच महिने एक रुपया घेतला नाही, त्याच्या पोरीचं त्याच वर्षी लग्न होतं. हे त्यानं मला लग्नाची पत्रिका देईपर्यंत सांगितलं नव्हतं.

पेटंट घ्यायचं म्हणून कोल्हापुरात सल्ला घेतला. त्या वकीलसाहेबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, पहिली गाडी कधी विकली. मी सांगितलं. म्हणाले, मग संपलं, जी वस्तू अर्जाच्या आधीच उघड बाजारात आली तिला नवीन म्हणता येत नाही. डिझाईनच्या नोंदणीचंही तेच. तरुण पोरांनो, गॅरेजमध्ये, गाळ्यात काही नवीन केलं असेल तर आधी अर्ज टाका आणि मग गिऱ्हाईकाला, प्रदर्शनात, व्हॉट्सॲपवर दाखवा. आम्ही उलटं केलं आणि ते मला आजपण बोचतं. आणि शब्दावर लोखंड उचलू नका, तीस टक्के ॲडव्हान्स खात्यावर आल्याशिवाय ग्राइंडरची पिनसुद्धा लावू नका.

त्या चॅनल कापणाऱ्यानं सगळं उचललं पण सूत उचललं नाही. उभ्या गाडीला मध्ये एक सूत खाली आहे हे डोळ्याला कळत नाही. त्यानं सहाही चाकं एका पातळीत केली. बोळात गाड्या वळेनात, तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं मधली चाकं खाली घे, तर त्यानं सरळ अर्धा इंच खाली घेतली. मिस्त्रीनं जे पहिल्याच आठवड्यात बघून सोडून दिलं होतं तेच. बीम डुलून पडलं. सुदैवानं कुणाला लागलं नाही. आणि गावात नाव कुणाचं झालं? आमचं. निळी गाडी म्हणजे आमची गाडी. वर्षभर मी शेडोशेडी जाऊन गुण्या आणि पट्टी लावून दाखवत फिरलो की ही आमची नाही, ही बघा. त्यानंतर आम्ही प्रत्येक फ्रेमवर पंचनं नंबर मारायला लागलो, आजही मारतो.

त्या काळात अण्णा आले. त्यांच्याकडं आमच्या सहा गाड्या आधीच होत्या, त्यांना अजून लागत नव्हत्या हे मला पण माहीत होतं. त्यांनी दहाची ऑर्डर दिली, सगळे पैसे आधी, आणि म्हणाले, "गंजलेल्या फ्रेम घासून घे, नवीन करत बसू नको." त्या दहा गाड्यांवर आम्ही परत उभे राहिलो. ते पैसे मी लोखंडवाल्याला दिले, त्याच्यासमोर मोजून.

मधली वर्षं कामात गेली. 2015 ला सायझिंगचा संप झाला तेव्हा बिमंच नव्हती तर गाडी कोण घेणार, नोटबंदी, 2017 चा जीएसटी, सगळ्यांचं झालं तेच आमचं झालं. गाळा स्वतःचा झाला, पोरगा डिप्लोमा करून आला.

अण्णा आता नाहीत. त्यांचा मुलगा सायझिंग बघतो आणि त्या दहातल्या सात गाड्या अजून चालू आहेत, मागच्या महिन्यात दोन टोप्या बदलायला मी स्वतः गेलो होतो. नातू म्हणाला, काका नवीन गाडी देऊन जा की, मी म्हटलं ही अजून दहा वर्षं जाईल, तू फक्त ब्लेडनं धागे काढत जा दर शनिवारी.

सध्या आम्ही वही-फणीसकट (धागे ओवलेल्या चौकटी आणि कंगव्यासारखी फणी) बीम नेणारी गाडी करतोय, एअरजेटच्या, म्हणजे हवेच्या झोतानं आडवा धागा टाकणाऱ्या मागाच्या, हजार मिलीमीटर फ्लँजला. तशा गाड्या बाहेर बनतात, पण त्या मोठ्या पॅसेजच्या, आमच्याकडचे बोळ तेवढेच राहिलेत. अडचण अशी की गाडी वळताना वह्या लोंबकळून हलतात आणि धागे घासतात. पोरगा संगणकावर चित्र काढून स्प्रिंगची पट्टी सुचवतोय, मिस्त्री म्हणतो दोन्ही बाजूला लाकडी खाच दे आणि पट्टा आवळ. मिस्त्रीला आता लेथवरचं बारीक दिसत नाही, पण काल त्यानं पोराच्या हातात खडू दिला आणि गाळ्याच्या फरशीवर बोळ आखायला लावला. येत्या रविवारी भरलेलं बीम चढवून बघणार आहोत.