जुन्या ४०७चा ब्रेक बूस्टर: माझा अनुभव

वडिलांनी घेतलेला टाटा ४०७ मी अजूनही चालवतो. पिंपळगावहून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीच्या बाजारात जायचे म्हणजे कसारा घाट आलाच. गेल्या हंगामात तो घाट उतरताना ब्रेकचे पेडल एकाएकी दगडासारखे कडक झाले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून निभावले, पण खाली पोहोचेपर्यंत मांडी भरून आली होती.

परतल्यावर पहिल्या गॅरेजमध्ये नवे लायनर बसले, ब्रेक ऑइल बदलले, एअर काढून झाली. पेडल मात्र होते तसेच राहिले. पेडल स्पंजसारखे खाली जात असेल तर हवा किंवा गळती शोधावी आणि ते जागेवरच अडत असेल तर आधी व्हॅक्यूमकडे पाहावे, हा भेद तोवर मलाही ठाऊक नव्हता. बूस्टर म्हणजे व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा काढून तयार केलेल्या ओढीच्या मदतीने पेडलवरचा जोर वाढवणारा डबा; त्यात एक रबरी पडदा असतो.

नाशिकमधील आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ काम करणाऱ्या चाचांनी पाना हातात घेण्यापूर्वी मलाच केबिनमध्ये बसवले. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायला लावले आणि मग पाय तसाच दाबून ठेवून सेल्फ मारायला सांगितले. बूस्टर चांगला असेल, तर इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली किंचित खाली जाते. माझे हललेच नाही; उलट पेडलपाशी बारीक सुस्कारा ऐकू येत राहिला.

“भाऊ, पडदा गेलाय,” चाचा म्हणाले, “पण का गेला ते आधी बघू.”

डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये पेट्रोल इंजिनासारखी ओढ मिळत नाही, म्हणून या गाडीत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याला वंगण म्हणून इंजिनाचेच ऑइल जाते. पंपाला गेज लावल्यावर काटा पाऱ्याच्या ६२० मिलिमीटरवर थांबला. मला तो कमी वाटला, परंतु नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने येथे हवेचा दाबच ७६० ऐवजी ७१०च्या आसपास असतो. तोच पंप मुंबईत साधारण ५० मिलिमीटर अधिक दाखवील. पंप निर्दोष ठरला.

मग पंपाकडून बूस्टरला येणारा पाइप काढला, तर आतून काळे ऑइल ओघळले. बूस्टरच्या तोंडाशी असलेला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह चाचांनी पुसून माझ्या हातात दिला आणि फुंकायला सांगितले. हवा एकाच बाजूने जायला हवी. येथे ती दोन्हीकडून जात होती. म्हणजे इंजिन बंद केले की बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम दर वेळी पंपातील ऑइल उलटे ओढत होता आणि त्या ऑइलाने रबरी पडदा फुगून अखेर फाटला होता. नुसता बूस्टर बदलला असता, तर नव्या पडद्याचीही हीच गत झाली असती.

बूस्टर, व्हॉल्व्ह आणि पाइप असे तिन्ही नवे घेतले. दुकानात साधा रबरी पाइप स्वस्तात मिळत होता. पण तसला पाइप ओढीने आतून चिकटतो आणि बाहेरून धडधाकट दिसतो, म्हणून जाड, व्हॅक्यूमसाठीचाच घेतला. पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणाऱ्या मास्टर सिलिंडरचे मागचे सील कोरडे, म्हणजे गळती नसलेले, असल्याने ते उघडले नाही.

डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरणारे चालक मी पाहिले आहेत; त्यांच्या बूस्टरमध्ये फार तर दोन-तीन दाबांपुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो. आता पिंपळगावात क्रेट भरले जात असताना मी इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पेडल दाबतो. पहिला दाब हलका लागला, तर व्हॉल्व्ह धरून आहे असे समजून ताडपत्री बांधायला घेतो.