सोनेरी कव्हर

काकांनी गिटार टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हिच्या गळ्याशी कफ साठलाय. दोन वर्षं झाली."

सांगलीहून पहाटेच्या एसटीने ते पुण्याला माझ्याकडे आले होते. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवतात. गणपती बारा दिवसांवर आलेले, पुढच्या तारखा सगळ्या भरलेल्या. पिशवीतून त्यांनी नव्या पिकअपचं, म्हणजे तारेचं कंपन टिपून अँपकडे पाठवणाऱ्या चुंबक-कॉइलचं, सीलबंद खोकं काढलं. "जुना काढा आणि नेकला हा बसवा. संध्याकाळच्या गाडीने मला परत जायचंय."

मी आधी गिटार अँपला जोडली. लेस पॉल या नावाजलेल्या गिटारच्या घाटाची, दोन हमबकर, म्हणजे दोन-दोन कॉइलचे पिकअप: एक नेकशी, गिटारच्या मानेकडे, दुसरा ब्रिजशी, जिथे तारा टेकतात तिथे. प्रत्येकाला स्वतःचा व्हॉल्यूम आणि टोन. ब्रिजचा पिकअप स्वच्छ बोलत होता. स्विच वर केला, नेकवर डी कॉर्ड वाजवली आणि काकांचं म्हणणं पटलं. घोंगडं पांघरून कुणीतरी आतून बोलतंय असा आवाज. जाड तारांवर तर सूर कुठला तेही कळेना, नुसता घुमारा. आणि जुन्या गाण्यांमधले गिटारचे तुकडे काका नेकवरच वाजवतात, कारण मींडेला लागणारी गोलाई तिथेच मिळते. म्हणजे त्यांच्या पोटापाण्याचा आवाजच बसला होता.

खोक्यावर छापलं होतं: १६ किलोओहम, म्हणजे आत तारेचे वेढे पुष्कळ. मी ते तसंच बाजूला ठेवलं. नेकचा पिकअप साधारण चोविसाव्या पडद्याच्या जागी येतो, ब्रिजपासून तारेच्या पाव लांबीवर. तिथे तार मोठा झोका घेते, म्हणून मूळ सूर आणि खालचे स्वरांश आपोआपच भरपूर मिळतात. त्यात जास्त वेढ्यांचा पिकअप घातला की आवाज मोठा होतो खरा, पण वरची धार आणखी जाते. ब्रिजला तो शोभला असता. नेकला म्हणजे गढूळ पाण्यात आणखी माती. "काका, याचं सील फोडू नका," मी म्हटलं. "आधी दुखणं काय ते शोधू."

ते काही बोलले नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसले.

पहिली गोष्ट उंचीची. शेवटच्या पडद्यावर तारा दाबून पट्टी लावली, तर जाड तारेखाली जेमतेम सव्वा मिलिमीटर अंतर. फार जवळ. ती बाजू ३ मिलिमीटरपर्यंत खाली घेतली, बारीक तारेकडे २ ठेवले, आणि पिकअपवरचे स्क्रू अर्धा अर्धा आटा वर काढले. घुमारा कमी झाला, पण घोंगडं तसंच राहिलं.

मग मागचं झाकण उघडलं. मला जवळजवळ खात्री होती की इथेच सापडणार. हमबकरला ५०० किलोओहमचे पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरते रोधक, लागतात, आणि कुणी हाताशी आहे तो २५० चा किंवा त्याहून कमी बसवला की धार जाते. अशा गिटारी मी कितीतरी दुरुस्त केल्यात. पण डाख सोडवून मोजले तर दोन्ही पॉट चारशेसत्तरच्या आसपास. टोनचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरड, हवा तोच. तरी तो बदलून पाहिला. काही नाही. केबल बदलली, कारण लांब केबलही वरचा आवाज खाते. काही नाही. शेवटी मधलं सगळं वगळून पिकअपच्या तारा थेट जॅकला जोडल्या. तोच कोंदलेला आवाज.

म्हणजे दोष पिकअपमध्येच. पण मीटरवर ७.७ किलोओहम, अगदी व्यवस्थित. लहान स्क्रूड्रायव्हरने दोन्ही ओळींवर टकटक केलं, दोन्ही कॉइल सारखेच बोलले. दुपारचा एक वाजून गेला होता. काका न विचारता दोन चहा घेऊन आले, आणि खरं सांगतो, त्या वेळी मला ते सीलबंद खोकं फोडायचा मोह झाला.

चहा पिताना मी विचारलं, "दोन वर्षांपूर्वी नेमकं काय झालं होतं?" हा प्रश्न सकाळीच विचारायला हवा होता. वाजवणारा माणूस तारीख सांगतो तेव्हा ती धरून मागे जायचं असतं.

"काहीच नाही हो. मुलीच्या लग्नाआधी गिटार जरा सजवून घेतली. नवे नॉब, आणि हे सोनेरी कव्हर. ब्रिजलाही घालणार होते, पण भोकं जुळली नाहीत."

ब्रिजच्या स्क्रूंमधलं अंतर बऱ्याच गिटारींत थोडं जास्त असतं, म्हणून एकच कव्हर बसलं. आणि जो पिकअप उघडा राहिला तो स्वच्छ बोलत होता. सकाळपासून हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

कव्हर खालच्या पट्टीला दोन ठिकाणी डाख देऊन पक्कं केलेलं असतं. साठ वॉटचं सोल्डरिंग आयर्न लावायचं, डाख पातळ झाला की तांब्याच्या वातीत टिपून घ्यायचा आणि फार रेंगाळायचं नाही. कॉइलची तार केसाइतकी बारीक, एकेका कॉइलला हजारो वेढे. एक जरी तुटली तरी पिकअप मुका. आतलं मेण वितळून देवघरासारखा वास सुटला. पाते सरकवून कव्हर हळूच वर उचललं. आतल्या बाजूला कानशीचा एक ओरखडा मारला. मुलाम्याखाली पिवळाधमक धातू. पितळ उघडं पडलं.

काकांना मी ते हातात देऊन दाखवलं. तारेच्या कंपनाने चुंबकाचं क्षेत्र हलतं, तेव्हा कव्हरच्या पत्र्यात पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे छोटे प्रवाह फिरू लागतात. कंपनं जितकी जलद, तितका हा प्रकार जास्त, म्हणून मार बसतो तो वरच्या, धारेच्या आवाजाला. पितळ विजेचं चांगलं वाहक आणि हा पत्रा जाडही होता. इंजिनिअर सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीसाठी ज्या हमबकरचं पेटंट मागितलं, त्याच्यावर पुढे जी कव्हरं आली ती जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रणाची. त्यात वीज पितळेपेक्षा कितीतरी अडखळत वाहते, म्हणून आवाज फारसा अडत नाही. दिसायला मुलाम्याखाली दोन्ही सारखीच, आणि लोहचुंबक दोघांनाही चिकटत नाही, त्यामुळे वरून ओळखू येत नाही.

कॉइलभोवती काळी टेप गुंडाळली, पिकअप परत बसवला, तारा चढवल्या. कव्हर नसलं की बाहेरची गुणगुण जरा जास्त येते, तेही त्यांना सांगितलं. जर्मन सिल्व्हरचं कव्हर मागवतो, दिवाळीनंतर या, म्हटलं.

नेकवर डी कॉर्ड वाजवली. चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या.

काकांनी गिटार मांडीवर घेतली. जाड तारेवरून वर चढत जाणारी एक ओळ वाजवली, मग तीच पुन्हा, हळू, एकेका सुरावर थांबत. मधल्या एका मींडेत बोटाखाली तार घासल्याचा बारीक आवाजही येत होता. तो त्यांनी दोन-तीनदा मुद्दाम काढून ऐकला. मग टोनचा नॉब दहावरून थोडा मागे फिरवला, ऐकलं, आणखी थोडा फिरवला.

"दोन वर्षं हा दहावरून हलवला नव्हता," ते म्हणाले, आणि नॉब सहावर आणून ठेवला.