तुम्ही विचारलंत म्हणून: चिठ्ठीतला दादा कोण?

ऑफिसात नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "स्टॅटिक स्कोप आणि डायनॅमिक स्कोप यांत फरक काय हो?" आणि त्याच दमात, "डायनॅमिक आता वापरतंय कोण?" स्कोप म्हणजे प्रोग्राममधलं एखादं नाव नेमक्या कोणत्या व्हेरिएबलचं (किंमत ठेवायच्या जागेचं) धरायचं, याचा नियम.

आमच्या घरी वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आत्या तसं हाक मारायच्या, तेच आमच्या तोंडी बसलं. मामाकडे दादा म्हणजे मामेभाऊ. आता समजा आईने घरी चिठ्ठी लिहिली, 'दादाला विचारून द्या', आणि ती मामाकडे वाचली गेली. कोणत्या दादाला विचारायचं? चिठ्ठी लिहिली तिथला धरलात तर स्टॅटिक, वाचली तिथला धरलात तर डायनॅमिक. फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेला आणि हवा तेव्हा कॉल करायचा (चालवायचा) प्रोग्रामचा तुकडा, ही ती चिठ्ठी. जे नाव फंक्शनने वापरलंय पण स्वतः घोषित केलेलं नाही, तेवढ्यापुरताच हा वाद. स्टॅटिकमध्ये फाइल वाचूनच उत्तर कळतं, म्हणून त्याला लेक्सिकलही म्हणतात. डायनॅमिकमध्ये मला कोणी कॉल केलं, त्याला कोणी केलं, असं मागे मागे जायचं आणि ते नाव ज्याच्याकडे आधी सापडेल त्याचं धरायचं.

वापरतंय कोण? बॅशमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायच्या भाषेत, फंक्शन लिहिलं असेल तर तुम्हीच.

मीही लिहिलं होतं. पाच फोल्डर एकेक करून झिप करायचे आणि प्रत्येक फाइल तीन ठिकाणी कॉपी करायची. कॉपी करणारं फंक्शन सहकाऱ्याचं, आधीपासून चालणारं. माझ्या लूपचा (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाचा) मोजणारा 'आय', त्याच्याही लूपचा 'आय'. मी शहाणपणा करून माझ्या फंक्शनात 'लोकल आय', म्हणजे हा 'आय' माझ्या फंक्शनापुरता, असं लिहिलं होतं, त्यामुळे निर्धास्त. सकाळी येऊन बघतो तर स्क्रिप्ट रात्रभर चालूच. पहिला फोल्डर झाला होता, पाचवा शेकडो वेळा झाला होता, मधल्या तिघांचा पत्ताच नाही.

कागदावर मांडल्यावर उलगडा झाला. सहकाऱ्याच्या फंक्शनात 'लोकल' नव्हतं, म्हणून बॅशने 'आय' शोधायला कॉल करणाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं आणि माझाच वापरला. त्याचा एक-ते-तीनचा लूप संपताना 'आय' ४ वर. माझ्या लूपने एक वाढवून ५ केला, पाचवा फोल्डर झिप झाला, कॉपीने पुन्हा ४ वर आणला, मी पुन्हा ५. स्टॅटिक भाषेत त्याचा 'आय' ग्लोबल (सगळ्या प्रोग्रामचा सामायिक) ठरला असता आणि माझ्या 'आय'ला धक्काही लागला नसता. बॅशमधलं 'लोकल' हे नावच फसवं आहे: फंक्शन संपल्यावर जुनी किंमत परत येते हे खरं, पण तोवर तिथून कॉल झालेल्या सगळ्या फंक्शनांना तुमचा व्हेरिएबल मोकळा. पर्ल या भाषेतही 'लोकल' असंच वागतं. १९९४ साली पर्ल ५ मध्ये 'माय' आलं, ते लेक्सिकल.

बरं, मुळात डायनॅमिक स्कोप कोणी ठरवून केला असंही नाही. जॉन मॅकार्थींच्या लिस्प या भाषेत फंक्शनच दुसऱ्या फंक्शनला द्यायची सोय होती. दिलेलं फंक्शन भलत्याच ठिकाणचा व्हेरिएबल उचलतंय हे लक्षात आलं, तेव्हा त्यांना तो साधा बग वाटला. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी त्यावर उपाय काढला, पण डायनॅमिक स्कोप लिस्पमध्ये वर्षानुवर्षं राहिला. अल्गोल ६० ही भाषा सुरुवातीपासून लेक्सिकल होती. १९७५ मध्ये एमआयटीत सस्मन आणि स्टील यांनी स्कीम ही भाषा लिस्पच्या वळणाची पण लेक्सिकल केली. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या लिस्पमध्ये लेक्सिकलची सोय यायला २०१२ उजाडलं.

तरी मी डायनॅमिकला सरसकट नावं ठेवणार नाही. ईमॅक्समध्ये शोधताना कॅपिटल-स्मॉल अक्षरांत भेद करायचा की नाही, हे एक व्हेरिएबल ठरवतो. तो थोड्या वेळापुरता बदलून शोधणाऱ्या फंक्शनला कॉल करा: त्याच्या पोटातल्या दहाव्या फंक्शनपर्यंत तुमची इच्छा पोचते, मधल्या कोणाला पॅरामीटर (कॉल करताना सोबत द्यायची किंमत) वाहावा लागत नाही, आणि काम झालं की जुनी सेटिंग आपोआप परत. ऑपरेटिंग सिस्टिममधले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला सुरू करणाऱ्याकडून मिळणाऱ्या सेटिंग) हेही याच धाटणीचे: प्रोग्राम कोणी सुरू केला त्यावर त्याला कोणता टाइमझोन मिळणार हे ठरतं.

मला कॉमन लिस्प या लिस्पच्याच एका प्रकाराचा तोडगा आवडतो. तिथे नेहमीचे व्हेरिएबल लेक्सिकल, आणि मुद्दाम डायनॅमिक केलेल्या नावाच्या दोन्ही बाजूंना चांदणी (*) लावायचा रिवाज. म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्याने चिठ्ठीतच खूण केलेली, की हा दादा वाचाल तिकडचाच धरा.