पोर्तो : रिबेराचा धक्का आणि आफुराडाची कोळशाची शेगडी

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात, साओ बेंतो रेल्वे स्टेशनातून रिबेराच्या, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीच्या, धक्क्यापर्यंत पायी दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि रस्ता सगळा उताराचा आहे. निघण्याआधी स्टेशनातल्या भिंतींवरच्या, चित्रकार जॉर्ज कोलासोने रंगवलेल्या निळ्या फरश्या निवांत पाहून घ्या, सुमारे २०,००० आहेत. उतारावरची दगडी फरसबंदी पावसात फार निसरडी होते, त्यामुळे पकड असलेले बूटच हवेत.

धक्क्यावरची उंच, अरुंद, रंगीत घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. तळाशी दगडी कमानी आणि कमानींत हॉटेलं. दोरू नदीला पूर आला की पाणी आधी इथेच शिरतं. १९०९ चा पूर तर शहर आजही विसरलेलं नाही. हा सगळा भाग १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

पण रिबेरा पाहायचा तो समोरच्या काठावरून. दुमजली लुईस पुलाच्या (१८८६, मुख्य कमान १७२ मीटर) खालच्या मजल्यावरून चालत गायाला, म्हणजे नदीपलीकडच्या शहरात, जा. रिबेराचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे दुपारनंतरचं ऊन त्या घरांवर पडतं. गायाचा काठ उत्तराभिमुख आणि थंड, म्हणून पोर्ट वाइनची पिंपं तिकडच्या कोठारांत ठेवतात. परतताना वरच्या मजल्यावरून या. तिथे मेट्रो आणि पादचारी एकाच पातळीवर असतात, फोटोच्या नादात रुळांवर जाऊ नका.

आता जेवण. टेबलावर बसताच पाव, ऑलिव्ह, चीज न मागता येतं. याला 'कुव्हेर' म्हणतात आणि ते फुकट नसतं. मात्र मागवलं नाही आणि हातही लावला नाही, तर पोर्तुगालच्या कायद्यानुसार त्याचे पैसे लावता येत नाहीत. नको असेल तर लगेच परत पाठवा. एक ऑलिव्ह तोंडात टाकलं की ती वाटी बिलात आली. बिलावरून वाद झालाच तर तक्रारवही मागा, ती ठेवणं प्रत्येक हॉटेलला बंधनकारक आहे.

दुसरी गफलत माशाच्या भावात होते. मेनूवरचा आकडा बऱ्याचदा किलोचा असतो, ताटाचा नव्हे. किलोला ४५ युरो लिहिलंय आणि मासा १.२ किलोचा निघाला, तर ५४ युरो झाले. भाजायला टाकण्याआधी वजन करून दाखवायला सांगा, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. साध्या खानावळीत 'मेया दोझ' म्हणजे अर्धी थाळी मिळते, एकट्याला ती पुरते.

मासेच खायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे : रिबेरात बसू नका, आफुराडाला जा. गायाच्या काठाने समुद्राच्या दिशेला सपाट रस्त्याने तासाभराची चाल. कोळ्यांची जुनी वस्ती आहे, आणि कोळशाच्या शेगड्या हॉटेलांच्या दारातच पेटलेल्या असतात. सार्डिन पोट साफ न करता, खवल्यांसकट, जाडं मीठ लावून जाळीवर ठेवतात. कातडी आपोआप सुटेपर्यंत उलटत नाहीत. घाई केली की ती जाळीलाच चिकटून राहते. जून ते सप्टेंबर हा मासा चरबीने भरलेला असतो, एरवी बारीक आणि कोरडा लागतो.

दुपारी तीनच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, ते सातनंतर उघडतं. सोमवार टाळा : रविवारी बहुतेक होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळे ताजा मासा कमी असतो आणि बरीच हॉटेलं बंदच असतात.