दहा मिनिटं द्या, सोलं उचलतो

२१ मे २०२५, बुधवार. सकाळचे पावणेदहा. पेज खाऊन वाटी विसळत होतो आणि फोन वाजला. पुण्याच्या मॅडम.

“अहो, रात्रीपासून एकही मेल आलेला नाही. आत्ता एका शाळेचा फोन आला, त्यांनी ऑर्डर पाठवली ती परत गेली म्हणे. साइट तर छान उघडतेय, मग मेलला काय झालं?”

मागच्या दारातून खळं दिसत होतं. खळ्यात दोन ताडपत्र्या, त्यांवर आमची या वर्षीची सगळी सोलं, म्हणजे आमसुलं. खारट रसाचं चौथं पुट आदल्या रात्रीच दिलेलं. आदल्या दिवशी एक सर येऊन गेली होती, पण सकाळी लख्ख ऊन पडलं म्हणून परत पसरली. आणि आता समुद्राच्या अंगाने आभाळ भरून येत होतं. वारा असा सुटला होता की आंब्याची पानं उलटी होऊन पांढुरकी दिसत होती.

मॅडम शाळांसाठी विज्ञानाची साधनं बनवतात. लहानसा कारखाना, आठ-दहा माणसं. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, त्यामुळे त्यांचा वर्षाचा सगळा धंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत. ऑर्डरी येतात त्या मेलवरच, शाळेच्या लेटरहेडवर सही-शिक्का मारून, स्कॅन करून. त्यांची नवी साइट मी दोन महिने खपून केली होती आणि मंगळवारी रात्री अकराला चालू केली होती.

त्यांचं बोलणं संपायच्या आत मला कळलं होतं काय झालंय ते. एमएक्स.

डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, एक वही असते असं धरा. साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते तिच्यात एका ओळीत लिहिलेलं असतं, मेल कुठे पोचवायचे ते दुसऱ्या ओळीत. ही दुसरी ओळ म्हणजे एमएक्स. मॅडमचे मेल गूगलकडे होते, साइट जुन्या होस्टिंगवर. साइट हलवायची तर मला पहिली ओळ तेवढी बदलायची होती. मी नेमसर्व्हरच बदलले. म्हणजे अख्खी वही नव्या जागी नेली आणि नव्या वहीत एमएक्सच्या ओळी उतरवल्याच नाहीत. एमएक्स सापडला नाही की पाठवणारा सर्व्हर मेल थेट साइटच्या दारात नेऊन टाकतो. तिथे मॅडमच्या नावाची पेटीच नाही, त्यामुळे नाकारल्याचा ५५० हा आकडा लागून मेल आल्या वाटेने परत. रात्री साइट मी फोनवर पाहिली, लॅपटॉपवर पाहिली, फॉर्म भरून पाहिला. बाहेरून एक साधा मेल टाकून पाहिला असता तर पाच मिनिटांत उघड झालं असतं. तो टाकला नाही, कारण संध्याकाळभर रातांब्यांत, म्हणजे कोकमाच्या फळांत, हात होते आणि मला झोप आली होती. ही चूक शंभर टक्के माझी.

इतक्यात कुंपणापलीकडून काकींचा आवाज आला. “झिला, पावस इलो रे! ठेव तो फोन!”

इथे एक सांगायला हवं. २०२० मध्ये पुण्यातलं भाड्याचं घर सोडून मी सिंधुदुर्गात आईकडे आलो. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे आला, आणि तो मला आवडतो. पण पाच वर्षं मी हे कुठल्याही ग्राहकाला कळू दिलं नव्हतं. सुरुवातीला एकाला बोलता बोलता गावाचं नाव सांगितलं, तर “तिकडे नेट असतं का?” म्हणाला आणि काम दुसऱ्याला दिलं. तेव्हापासून फोन वाजला की आधी गॅस बंद करायचा, शिट्टी ऐकू जाऊ नये म्हणून. कोंबडा आरवेल म्हणून मधल्या खोलीत दार लावून बसायचं. भाताला आधण आलेलं असताना “मीटिंगमध्ये होतो” असं सांगायचं. रोजच्या रोज खोटं बोलणं अंगाला चिकटतं, आणि माझ्या ते अंगवळणी पडलं होतं.

त्या दिवशी ते बोलायला सवडच नव्हती. मी म्हटलं, “मॅडम, माझी चूक झाली आहे. काय चुकलंय ते कळलंय आणि ते दुरुस्त होतं. पण मी गावी असतो. बाहेर सोलं वाळत आहेत आणि पाऊस डोक्यावर आलाय. दहा मिनिटं द्या, सोलं उचलतो आणि लागतो.”

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हणाल्या, “उचला, उचला. आधी ते उचला.”

सोलं म्हणजे काय कष्ट असतात ते वाण्याकडून पाकीट आणणाऱ्याला कळायचं नाही. रातांबा फोडायचा, साल वेगळी, गर-बिया वेगळ्या. गराला मीठ लावून ठेवलं की रस सुटतो, ते आगळ. साली दिवसभर उन्हात, रात्री त्या खारट रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात. एकेका बुडवणीला पुट म्हणतात. आमच्याकडे पाच पुटं. पहिल्या पुटाला साल नुसती तांबडी असते, कडा वळायला लागलेल्या. चौथ्या पुटाला ती काळपट जांभळी होते, बोटांना चिकटते, आणि उन्हात तिरकी धरली तर मिठाचे बारीक कण चमकतात. या वेळेला पावसाचं पाणी लागलं की मीठ आणि रस दोन्ही धुऊन जातात आणि चार दिवसांत पांढरी बुरशी धरते. वर्षभर आमटीत, माशात, कढीत पडणारी वस्तू ती. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, सगळ्या कामांत हे काम मला सगळ्यात प्रिय आहे.

काकी धावत आल्या होत्या. आई पायरीवर बसून “ती पलीकडची आदी, ती पलीकडची” असं ओरडत होती. आम्ही दोघांनी पहिली ताडपत्री चार कोपरे धरून तशीच ओटीवर आणली. दुसरी अर्धी उचलली आणि पाऊस आला. थेंब असे की मातीत खड्डे पडत होते. दुसऱ्या ताडपत्रीवरच्या अर्ध्याहून अधिक साली भिजल्या. आईने लगेच भिजलेली वेगळी काढली, पंचावर पसरली आणि एकेक टिपायला घेतली.

लॅपटॉप उघडतोय तोच वीज गेली. घरात इन्व्हर्टर आहे, पण खांबावरच्या फायबरच्या पेटीला बॅटरी नाही. वीज गेली की नेट गेलं. मोबाइलचा टॉवरही थोड्याच वेळात बंद पडला. मग उरतो सडा. गावाच्या वर, कातळावर, एसटीच्या थांब्याची चिऱ्याची शेड आहे, तिथे दुसऱ्या बाजूच्या टॉवरची रेंज येते. लॅपटॉप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला, रेनकोट चढवला आणि स्कूटर काढली. विजा चमकत होत्या. आईने “जाऊ नको” म्हटलं नाही, पण दारातून हललीही नाही.

शेडमध्ये एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची शेळी होती. मी बाकाच्या कोरड्या टोकाला बसलो. वाटेत मनाशी क्रम ठरवला होता, कारण घाईत इथेही चुकता येतं. एमएक्सच्या ओळी घालून भागणार नव्हतं. जगभरचे सर्व्हर एकदा विचारलेलं उत्तर काही तास लक्षात ठेवतात, आणि ‘असं काही नाही’ हेही उत्तरच असतं, तेही लक्षात ठेवलं जातं. ज्यांनी रात्री विचारून ‘नाही’ ऐकलं होतं, ते आणखी काही तास चुकीच्याच दारात मेल टाकत राहणार. म्हणून आधी नव्या सर्व्हरवर एक पेटी उघडली, कुठल्याही नावाने मेल आला तरी आत घेणारी. आता निदान परत तरी जाणार नव्हते. मग एमएक्सच्या ओळी. त्यांच्या पाठोपाठ एसपीएफची ओळ, जी नसली तर मॅडमने पाठवलेली उत्तरं लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडली असती; तीही रात्री राहिली होती. प्रत्येक ओळ भरल्यावर मोठ्याने वाचून बघत होतो. म्हातारे शेळीची दोरी हातात धरून ऐकत होते.

बारा वाजून दहा मिनिटांनी माझ्या दुसऱ्या खात्यावरून मॅडमना मेल टाकला. त्यांचा लगेच फोन, “आला!” तेव्हा पाठीचा कणा सैल झाला.

पण रात्री अकरापासून जे परत गेले त्यांचं काय? ते आपोआप पुन्हा येत नाहीत. सर्व्हरने नाकारलेल्या मेलची नोंद मात्र असते: कुणी पाठवला, किती वाजता. ती नोंद होस्टिंगवाल्यांकडे मागितली. मिळायला दोन-तीन तास लागतील म्हणाले. मी घरी निघालो, कारण बांगडे पडून होते.

सकाळी मासेवाली आली होती तेव्हाच म्हणाली होती, समुद्र खवळलाय, होड्या लवकर वर ओढतायत, आता फार दिवस मिळायचे नाहीत. एक जूनपासून मासेमारी तशीही दोन महिने बंद. म्हणून आठ बांगडे घेतले होते. आईने बसल्या बसल्या ते साफ करून, मीठ-हळद लावून ठेवले होते. मी चूल पेटवली. भिजवलेली बेडगी, धणे, थोडी हळद पाट्यावर वाटली. तिरफळं फोडून आतली काळी बी काढली आणि नुसती ठेचली. ती वाटायची नसतात, वाटली की कडू होतात. मातीच्या भांड्यात वाटण, पाणी बेताचं, तिरफळं, बांगडे, आणि सोलं. गेल्या वर्षीची, बरणीच्या तळची, मोजून सहा. उकळी आल्यावर पळी घालायची नाही, भांडंच दोन्ही हातांनी धरून हलवायचं. उतरवल्यावर वरून कच्चं खोबरेल. तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात. आई जेवताना मला एकच म्हणाली, “लोकांच्या पोटाचा काम आसा ता. सांभाळून करूक व्हया.” मी मान हलवली. घास गिळताना घसा भरून आला होता.

चारला परत सड्यावर. नोंद आली होती: एकतीस मेल. जाहिराती वगळून चौदा खरे, त्यांत नऊ शाळा. यादी मॅडमना पाठवली आणि आम्ही ती वाटून घेतली. शाळांना त्या फोन करणार, बाकीच्या पाच जणांना मी मेल लिहिणार. मी लिहिलं की चूक साइट बनवणाऱ्याची आहे, कारखान्याची नाही, कृपया मेल पुन्हा पाठवावा. अंधार पडेपर्यंत आठ शाळांचे मेल पुन्हा आले. नवव्या शाळेने मेल परत आला म्हणून सकाळीच दुसरीकडे ऑर्डर देऊन टाकली होती. ती ऑर्डर गेली ती माझ्यामुळे गेली. मी बिलातून पाच हजार कमी केले. मॅडम नको नको म्हणत होत्या, पण ते तसंच व्हायला हवं होतं. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, “आणि तुमची ती सोलं? किती भिजली?” मी सांगितलं. त्यांच्या आजोळच्या गच्चीवरच्या सांडग्यांबद्दल मग त्या पाच मिनिटं बोलल्या. ग्राहकाशी असं बोलणं माझं कधीच झालेलं नव्हतं.

त्यानंतर ऊन पडलंच नाही. शनिवारी, २४ तारखेला, कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर आलं. रविवारी मॉन्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा. पाचवं पुट द्यायचं राहून गेलं. चार पुटांची सोलं आम्ही चुलीवर टांगलेल्या बांबूच्या जाळीवर पसरली आणि आठ दिवस खाली मंद विस्तव राखला. मी तिथेच पाटावर बसून काम करायचो. दर तासाला उठून साली उलट्या करायच्या आणि परत कीबोर्डला हात लावण्याआधी बोटं पुसायची. भिजलेल्यांपैकी निम्म्या टाकाव्या लागल्या.

साइट हलवण्याच्या माझ्या कागदात आता दोन गोष्टी आहेत. जुन्या वहीतली प्रत्येक ओळ आधी हाताने उतरवून ग्राहकाला दाखवायची. आणि अंदाजपत्रकात एक वाक्य: ‘१० मे ते १५ जून या काळात साइट हलवण्याचं काम घेतलं जाणार नाही, घरी आगोटीची कामं असतात.’ आतापर्यंत तिघांनी त्याबद्दल विचारलं. तिघांनाही खरं कारण सांगितलं, आणि तिघांचीही कामं माझ्याकडेच आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकी सोलं बघायला आल्या. एक साल उचलून नाकाशी धरली, कोपरा तोडून चावला, आणि बराच वेळ जीभ फिरवत राहिल्या.

“धुराचो वास लागलो हा,” म्हणाल्या. “सोलकढीक घालू नको हां. तिखल्याक बरी लागतली.”

मी त्यांची वेगळी बरणी भरली आणि तिच्यावर ‘तिखलं’ अशी चिठ्ठी लावली.