पेढ्याला गुरांच्या डॉक्टरची सही

मे महिन्यात गावी आलो की कणकवली स्टेशन ते घर एवढ्या रिक्षाच्या वाटेत हा प्रश्न हमखास येतो. गेल्या खेपेला आबाकाकांनी मला पडवीत नीट टेकूही दिलं नाही. "तू थंयच असतंस मा? मग सांग. जावचा होता तर जावचा, इतकी वर्सा कित्याक लागली त्येंका?"

'त्येंका' म्हणजे इंग्रजांना, आणि जायचं होतं ते युरोपियन युनियनमधून. मी बावीस वर्षं इंग्लंडमधल्या लेस्टरला कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे, त्यामुळे याचं उत्तर माझ्या खिशात असणार असा लोकांचा समज. आजवर "राजकारण हो, दुसरं काय" म्हणून मी सुटका करून घेत आलो. पण युनियन सोडायला ब्रिटनला इतकी वर्षं का लागली, ते आता जरा बैठक मारून सांगतो.

२३ जून २०१६च्या मतपत्रिकेवर प्रश्न होता, राहायचं की निघायचं. निघून कुठे जायचं, हे विचारलंच नव्हतं. सगळं दुखणं तिथून सुरू होतं. १ कोटी ७४ लाख लोकांनी 'निघा' म्हटलं, १ कोटी ६१ लाखांनी 'राहा'. पण निघा म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यातलं गाव वेगळं होतं. कुणाला पूर्व युरोपातून येणारे कामगार नको होते. कुणाला ब्रसेल्सचे, म्हणजे युनियनच्या मुख्यालयातून येणारे, कायदे नको होते. मासेमारांना आपल्या पाण्यात परक्या बोटी नको होत्या. आणि माझ्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्याला आपल्याकडून आचारी आणायचे होते. युरोपची माणसं थांबली की आशियातल्या स्वयंपाक्यांना व्हिसा सोपा होईल, असं प्रचारात त्याच्या कानावर घातलं होतं. म्हणजे एकाला माणसं कमी हवी होती, दुसऱ्याला जास्त, आणि दोघांची फुली एकाच चौकोनात.

माझीही एक फुली त्यात आहे. तेव्हा माझा पासपोर्ट भारताचा होता, तरी मला मत होतं, कारण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकांना तिथे मतदान करता येतं. आमच्या गल्लीत एक स्पॅनिश पशुवैद्य राहतात. तिथेच नोकरी, तिथेच कर, मुलं तिथल्याच शाळेत. त्यांना मत नव्हतं. भविष्य त्यांचं टांगणीला आणि निकाल लावणार मी, याचं मला त्या दिवशीही जरा अवघड वाटलं होतं. मी 'राहा'वर फुली मारली. लेस्टरने 'राहा' म्हटलं, पण अगदी निसटतं. देशाने नाही म्हटलं.

आता नेमकं कशातून निघायचं होतं ते सांगतो, कारण आबाकाकांना वाटतं सोसायटीच्या सभासदत्वाचा राजीनामा द्यावा तसं हे असेल. मुंबईचे जकात नाके आठवा. मुलुंडला, दहिसरला ट्रकांच्या रांगा, हातात पावत्या घेऊन धावणारे क्लीनर. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि ती जकात गेली. त्याच्या बाराच दिवस आधी ब्रसेल्समध्ये ब्रिटनची बोलणी सुरू झाली होती. आपण नाके मोडत होतो, त्याच पावसाळ्यात ते नाके बांधायला बसले होते.

युनियनमधल्या मोकळिकीला दोन थर आहेत. कस्टम्स युनियन म्हणजे आपापसात जकात नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचा दर एकच. सिंगल मार्केट त्याच्या पुढचं: औषध, खेळणं, चीज, बँकेचा परवाना, एका देशात पास झालं की सगळीकडे पास, आणि माणसांनाही कुठेही जाऊन काम करायला मोकळीक. नॉर्वे दुसऱ्यात आहे, पहिल्यात नाही. तुर्कस्तानचं बऱ्याच मालापुरतं त्याच्या उलट. प्रत्येक सोयीची काहीतरी किंमत आहे. पण जानेवारी २०१७मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये भाषण करून सांगितलं की दोन्हीतून बाहेर. आणि २९ मार्चला नोटीस दिली. नोटीस दिली की दोन वर्षांचं घड्याळ सुरू होतं, आणि ते घड्याळ निघणाऱ्याच्याच डोक्यावर टांगलेलं असतं. आपल्या घरात काय हवं ते ठरायच्या आधी नोटीस देणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. त्यावर कडी म्हणजे जूनमध्ये मुदतपूर्व निवडणूक घेऊन मे बाईंनी हातातलं बहुमतही घालवलं. मग सरकार टिकलं ते उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या ब्रिटनला घट्ट धरून असलेल्या पक्षाच्या दहा खासदारांवर. हे दहा लक्षात ठेवा.

"म्हणजे वाटणीच मा ही?" काकांनी विचारलं.

वाटणीत सगळे भाऊ वेगळे होतात, सगळ्यांना घाई असते. इथे एक भाऊ निघाला आणि सत्तावीस जण एका चुलीवर राहिले. त्यांनी आधी आपसात बसून ठरवलं की बोलायचं एकाच तोंडाने, आणि ते तोंड मिशेल बार्निए या मुरब्बी फ्रेंच मुत्सद्द्याचं. त्यांचा क्रमही ठरला होता: आधी ब्रिटनकडून युनियनला येणारी देणी, एकमेकांकडे राहिलेल्या माणसांचे हक्क आणि आयर्लंडची हद्द. हे मार्गी लागलं की मग व्यापार. ब्रिटनला सगळं एकत्र बोलायचं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी तो हट्ट सोडला. देण्याचा आकडा पुढे ३५ ते ३९ अब्ज पाउंडांच्या घरात गेला. आरडाओरडा झाला, पण पैशाचं भांडण शेवटी सुटतं, कारण पैसा मधोमध तोडता येतो.

बार्निए यांनी डिसेंबर २०१७मध्ये एक चित्र दाखवलं होतं. एक जिना. वरच्या पायरीवर सभासद, मग नॉर्वे, स्वित्झर्लंड, युक्रेन, तुर्कस्तान, कॅनडा. प्रत्येक पायरीपाशी लिहिलेलं, ब्रिटनच्या कोणत्या अटीमुळे इथे थांबता येत नाही. माणसांची ये-जा नको? नॉर्वे गेलं. दुसऱ्या देशांशी स्वतःचे करार हवेत? तुर्कस्तान गेलं. खाली खाली येत उरली कॅनडाची पायरी. मी ते चित्र ऑफिसात छापून लावलं होतं. साडेतीन वर्षांच्या चर्चेनंतर ब्रिटन त्याच पायरीवर जाऊन बसलं, एक आयर्लंडचा तुकडा सोडून.

आणि खरी गाठ तिथेच होती. आयर्लंड बेटाचा दक्षिण भाग स्वतंत्र देश, युनियनमध्ये. उत्तर भाग ब्रिटनचा. मधली हद्द सुमारे ५०० किलोमीटर आणि ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून जास्त. शेत इकडे आणि गोठा तिकडे अशी घरं आहेत. दूध उत्तरेत काढतात आणि दक्षिणेत जाऊन त्याचं चीज होतं. या हद्दीवर एकेकाळी लष्कराचे मनोरे होते. तीस वर्षांच्या रक्तपातात साडेतीन हजारांवर माणसं मेली, तेव्हा कुठे १९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर हळूहळू मनोरे गेले आणि रस्ते मोकळे झाले. गाडीतून जाताना हद्द कळते ती एवढ्यावरूनच, की पाट्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर येतात.

आता कोडं घाला. ब्रिटन जकातीच्या संघातून बाहेर पडणार, म्हणजे कुठेतरी नाका हवा. तो बेटाच्या मधल्या हद्दीवर ठेवायचा नाही, कारण शांतता मोडेल. मग समुद्रात ठेवा, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटन यांच्यामध्ये. पण तेही नाही, कारण आपल्याच देशात परक्यासारखी तपासणी कोण सोसेल? डीयूपीचे ते दहा खासदार तर मुळीच नाही. तीन गोष्टी, तिन्ही हव्यात, आणि एका वेळी फार तर दोन जमतात. काही मंत्री म्हणत होते की यंत्रं लावू, कॅमेरे लावू, नाका दिसणारच नाही. मी बावीस वर्षं नाक्याच्या कागदांवर जगतोय. पेटीतलं चिकन खरंच चिकन आहे का, हे सांगणारा कॅमेरा माझ्या पाहण्यात नाही.

इथे आबाकाका सावरून बसतात, कारण इथे 'आपलो माणूस' येतो. त्या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. वडील अशोक वराडकर, मुंबईहून गेलेले डॉक्टर, मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचे. ऑक्टोबर २०१९मध्ये सगळं ठप्प असताना मे यांच्या जागी आलेले पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि वराडकर लिव्हरपूलजवळच्या एका वाड्यात भेटले आणि बाहेर येऊन म्हणाले की वाट दिसतेय. आठवड्यात करार झाला. वाट कुठली? समुद्रातली. ब्रिटनचं कुठलंही हुजूर पक्षाचं सरकार असलं मान्य करू शकत नाही, असं वर्षभरापूर्वी डीयूपीच्याच अधिवेशनात सांगून आलेल्या जॉन्सननी तीच मान्य केली. त्या वर्षीच्या डिसेंबरअखेर वराडकर वराडला येऊन गेले. त्यामुळे आमच्याकडे इतिहास असा सांगतात की इंग्रजांचं घोडं मालवणीने सोडवलं. मी खोडत नाही.

पण त्याआधी लंडनमध्ये जे झालं ते मी टीव्हीवर रात्र रात्र बघितलं. मे यांनी युनियनशी केलेला ५८५ पानांचा करार १५ जानेवारी २०१९ला त्यांच्याच संसदेने ४३२ विरुद्ध २०२ असा आपटला. पुन्हा मांडला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा, तेच. त्याच सुमारास खासदार म्हणाले, आम्हीच ठरवतो. आठ पर्याय मतदानाला ठेवले, आठही पडले. पाच दिवसांनी चार ठेवले, चारही पडले. त्यातला कस्टम्स युनियनमध्ये राहण्याचा अवघ्या तीन मतांनी. काय नको ते सगळ्यांना ठाऊक होतं. समोरच्या सत्तावीस जणांशी बोलणं त्या मानाने सोपं होतं, कारण त्यांना काय हवंय ते त्यांनी लिहून दिलं होतं. मुदत तीनदा वाढली, मे गेल्या, जॉन्सन आले, संसद स्थगित केली, ती स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, पुन्हा निवडणूक झाली. ३१ जानेवारी २०२०च्या रात्री अकरा वाजता ब्रिटन बाहेर पडलं. अकरा का? कारण ब्रसेल्समध्ये तेव्हा बारा वाजतात.

एवढी वर्षं फार वाटत असतील तर याच संघातून निघालेल्या ग्रीनलँडचं बघा. पन्नासएक हजार वस्ती, भांडण मुख्यतः माशांचं. १९८२ला लोकांनी कौल दिला, निघाले १९८५ला. नुसत्या माशांना तीन वर्षं.

व्यापाराचा करार झाला २४ डिसेंबर २०२०ला. पानं बाराशेहून जास्त, अंमल १ जानेवारीपासून, मध्ये नाताळ. त्या आठवड्यात मी घरी जेवलो नाही. "जकात शून्य" अशी बातमी वाचून एका गिऱ्हाइकाने मला अभिनंदनाचा फोन केला. त्याला समजावताना घसा बसला की शून्य फक्त ब्रिटनमध्ये किंवा युरोपात बनलेल्या मालाला. तिरुपूरचे टी-शर्ट लेस्टरच्या गोदामात उतरवून त्यातले थोडे डब्लिनला पाठवले, तर पाकीट बदलल्याने ते इंग्रज होत नाहीत. ब्रिटनची जकात भरलेली असो नसो, आयर्लंडच्या नाक्यावर युरोपची वेगळी.

आणि पेढे. लेस्टरच्या एका मिठाईवाल्याचे पेढे दर दिवाळीला वेल्समधल्या होलीहेड बंदरातून बोटीने डब्लिनला जायचे. टेम्पोत खोकी, वर एक बिल, झालं. जानेवारी २०२१पासून दूध म्हणजे प्राणिजन्य माल, म्हणून प्रत्येक खेपेला आरोग्याचा दाखला आणि त्यावर अधिकृत पशुवैद्याची सही. हे सांगितल्यावर मिठाईवाले माझ्याकडे बघतच राहिले. "पेढ्याला गुरांच्या डॉक्टरची सही?" हो, आणि एक रकाना चुकला तर बोट सुटते, पेढे राहतात. पहिल्या दिवाळीला एक खेप परत आली, चूक माझ्याच ऑफिसातल्या टायपिंगची. पैसे मी भरले. पेढे आम्ही वाटले.

एक कबुली देतो. या कागदांनी गिऱ्हाइकांचा जीव काढला, पण माझं ऑफिस तीन माणसांवरून अकरा माणसांवर गेलं. ज्याच्या विरुद्ध मी फुली मारली त्यानेच माझं घरकर्ज फेडलं. दाखल्यांवर सही करायला डॉक्टर कमी पडायचे, आणि ब्रिटनमध्ये या कामातले कितीतरी पशुवैद्य मूळचे युरोपातले. आमचे पेढे सहीला जायचे ते गल्लीतल्या त्याच स्पॅनिश डॉक्टरांकडे. मत नसलेल्या माणसाच्या सहीवाचून आता पेढा हलत नव्हता.

मे २०२५मध्ये दोन्ही बाजू पुन्हा बसल्या, त्याच लँकेस्टर हाउसमध्ये. खाण्यापिण्याच्या मालाचे नियम जुळवून घ्यायचं तत्त्वतः ठरलं. म्हणजे तेवढ्यापुरते ब्रिटन युरोपचे नियम पाळणार आणि बहुतेक दाखले जाणार. बदल्यात युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या पाण्यात मासेमारी २०३८पर्यंत. मिठाईवाल्यांनी मला त्याच संध्याकाळी पेढे पाठवले. डॉक्टर कुंपणाशी भेटले, बातमी त्यांनीही वाचली होती. "मग माझं काय?" ते म्हणाले. मी म्हटलं, "माझंही तेच," आणि दोघांनी एकेक पेढा खाल्ला.